आपल्याला काही होत नाही!

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात आलेल्या पत्रांतलं एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं होतं. घाटावरच्या एका खेड्यातून एका भगिनीनं ते लिहिलं आहे. ‘नाव-गाव छापू नका’ असं तिनं बजावलंय, म्हणून ते देत नाही. तिला दोन मुलगे. थोरला अकरा वर्षांचा, धाकटा सात वर्षांचा. धाकटा पायाळू, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून आलेला. पायाळू माणसावर वीज पडते, असं त्यांच्या घरात सगळे धरून चालतात. त्यामुळे वळवाचे ढग दिसले रे दिसले, की धाकट्याला आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी घालतात. तो दोन-दोन तास रडतो. थोरला मात्र त्याच वेळी माळावर गुरं वळवायला जातो. “तो कुठं पायाळू आहे? त्याला काय होतंय!” असं सासूबाई म्हणतात.

पत्राच्या शेवटी ही बाई लिहिते, “सासूबाई मायेपोटीच करतात. त्यांना दुखवायचं नाही. पण मला दोघांचीही काळजी वाटते. मी काय करू?”

मला या पत्रातला ‘दोघांचीही’ हा शब्द फार आवडला. कारण समजूत एकच असली तरी तिच्या बाजू दोन आहेत. एका मुलाला विनाकारण काचेचं भांडं करून ठेवलंय आणि दुसऱ्याला विनाकारण लोखंडाचं. पहिल्याचं रडणं ऐकू येतं. दुसऱ्याचा धोका मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता ‘याच्या अंगाला काही लागणारच नाही’ ही कल्पना काही आजची नव्हे. गांधारीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. युद्धाच्या अखेरीस तिनं दुर्योधनाला सांगितलं, आंघोळ करून उघड्या अंगानं माझ्यापुढे ये. डोळ्यांवरची पट्टी सोडून तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि जिथं जिथं तिची नजर पडली तिथं तिथं त्याचा देह वज्राचा झाला. पण आईपुढे असं कसं जायचं, म्हणून त्यानं कमरेला केळीचं पान गुंडाळलं होतं. मांडी तेवढी झाकलेली राहिली आणि भीमाची गदा बसली ती तिथंच. गंमत म्हणजे ही गोष्ट व्यासांच्या महाभारतात नाही, ती लोकांच्या तोंडून आलेली आहे. वनपर्वात निराळंच सांगितलंय. दुर्योधनाचा कमरेवरचा भाग शंकरानं वज्राचा केला आणि खालचा भाग पार्वतीनं फुलांचा केला, असं दानव त्याला सांगतात.

अनुशासनपर्वात श्रीकृष्णाचीही अशीच गोष्ट आहे. दुर्वास ऋषी घरी पाहुणे आले. (असा पाहुणा कुणाच्या घरी न येवो!) त्यांनी उष्टी खीर सगळ्या अंगाला फासायला सांगितली. कृष्णानं ती फासली, पण तळपायांना तेवढी लावली नाही. ऋषी म्हणाले, “जिथं खीर लागली तिथं तुला भय नाही. पण तळपाय का सोडलेस?” पुढे जरा नावाच्या व्याधाचा बाण लागला तो पायालाच.

आपल्याकडेच असं आहे असंही नाही. ग्रीक लोकांत अकिलीस नावाचा वीर होऊन गेला. त्याच्या आईनं, थेटिसनं, त्याला तान्हेपणी पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवलं. अंग सगळं अभेद्य झालं, पण तिनं ज्या टाचेला धरलं होतं ती कोरडी राहिली. ही टाचेची गोष्टसुद्धा मागाहूनची बरं का! होमरच्या मूळ काव्यात अकिलीसला भाला लागून हाताला जखम होते आणि चांगलं रक्त येतं. मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवायला जाते. तिथं सहावीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलीनं हात वर करून विचारलं, “बाई, मग तिनं दुसरा पाय धरून त्याला पुन्हा एकदा का नाही बुडवलं?” सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न काही मनातून जाईना.

उत्तरेकडच्या नॉर्वे-आइसलंडच्या कथांत बाल्डर नावाचा लाडका देव आहे. त्याची आई फ्रिग हिनं आग, पाणी, लोखंड, दगड, झाडं, रोगराई अशा सगळ्यांकडून शपथ घेतली, की माझ्या मुलाला इजा करणार नाही. एक बांडगुळाचं रोप तेवढं राहिलं. एवढंसं कोवळं रोप, ते काय करणार, म्हणून तिनं त्याला विचारलंच नाही. त्याच बांडगुळाच्या काटकीनं बाल्डर मेला. जर्मन लोकांचा सिगफ्रीड अजगरासारख्या राक्षसी प्राण्याच्या रक्तात न्हाला होता. पाठीवर झाडाचं एक पान चिकटलं होतं तेवढीच जागा कच्ची राहिली. लढाईत तिथं जपता यावं म्हणून त्याच्या बायकोनं, क्रीमहिल्डनं, विश्वासातल्या माणसाला सांगून त्याच्या अंगरख्यावर त्या जागी खुणेचे टाके घातले. त्याच माणसानं ती खूण पाहून भाला मारला.

या गोष्टी एकापुढे एक ठेवून पाहा. कवच घालायला धडपडते ती बहुतेक वेळा आई, नाहीतर बायको. बाप-भाऊ लढायला जातात आणि घरातली बाई लेकराला वज्राचं करायला बघते. शिवाय प्रत्येक गोष्टीत एक जागा राहतेच. कुठं लाजेमुळे राहते, कुठं ‘एवढ्याशानं काय होतंय’ म्हणून राहते, कुठं आईनं घट्ट धरलं म्हणूनच राहते. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं असं, की दुसऱ्यांदा बुडवलं असतं तरी आईनं कुठं तरी धरलंच असतं. गोष्टी रचणाऱ्या लोकांना पुरेपूर ठाऊक होतं, की मर्त्य माणसाला पूर्ण कवच नसतं. आपण मात्र गोष्टीतलं कवच तेवढं उचललं आणि टाच विसरलो.

ही विसरभोळी श्रद्धा महागात पडल्याची उदाहरणं इतिहासात आहेत. छोटानागपूरमध्ये बिरसा मुंडांच्या मागे उभ्या राहिलेल्या आदिवासींपैकी पुष्कळांचा विश्वास होता, की इंग्रजांच्या गोळ्यांचं पाणी होईल. जानेवारी १९०० मध्ये सैलरकबच्या डोंगरावर खऱ्या गोळ्या झाडल्या गेल्या आणि माणसं पडली. पाचच वर्षांनी आफ्रिकेत, आजच्या टांझानियात, जर्मन राजवटीविरुद्ध मोठा उठाव झाला. किंजिकितिले नावाच्या एका भगतानं मंतरलेलं पाणी वाटलं होतं. ते अंगाला लावलं की बंदुकीच्या गोळ्या पाणी होतील, असं लोकांना वाटे. तिकडच्या भाषेत पाणी म्हणजे ‘माजी’, म्हणून १९०५ ते १९०७ या काळातला तो उठाव ‘माजी माजी’ म्हणून ओळखला जातो. त्यात आणि त्यामागून आलेल्या उपासमारीत हजारोंनी माणसं गेली.

या लोकांना वेडं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. समोर बंदुका, हातात धनुष्यबाण आणि भाले! अन्यायाविरुद्ध उभं राहायला काही तरी धीर हवाच होता. तो धीर खरा होता, कवच मात्र खरं नव्हतं. लेकराच्या गळ्यात ताईत बांधणाऱ्या आईचंही तसंच असतं. तिची माया खरी असते, म्हणून तिला हसू नये. पण ताईत बांधला म्हणून डॉक्टरांकडे जायचं राहिलं, तर घात होतो.

मग अशा समजुती टिकतात कशा? त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. साप चावला की मांत्रिकाकडे न्यायची पद्धत पाहा. आपल्याकडच्या सापांपैकी बहुतेक बिनविषारी. विषारी सापसुद्धा चावताना दर वेळी पुरेसं विष सोडतोच असं नाही. म्हणजे मांत्रिकाकडे आलेली पुष्कळ माणसं मंत्राविनाही बरी होणारच असतात. ती बरी होतात, गावभर सांगत सुटतात आणि मांत्रिकाचं नाव होतं. जो दगावतो तो सांगायला येत नाही. त्याच्याबद्दल ‘त्याची वेळ भरली होती’ असं म्हणून लोक गप्प बसतात. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. त्यातली कितीतरी माणसं वेळेवर दवाखान्यात पोचली असती तर वाचली असती.

विंचवाचं तसंच. कोकणातला लाल विंचू चावला की धडधाकट मूलही काही तासांत जाई. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी खेड्यातल्या दवाखान्यात अशा रुग्णांच्या उशाशी रात्री काढल्या. हे विष हृदयावर घाला घालतं, हे त्यांनी बारकाईनं टिपलं आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग करून मृत्यूंचं प्रमाण पुष्कळ खाली आणलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नेमकं कुठं लागतं ते शोधलं, म्हणून उपाय सापडला.

आता पत्रातल्या मुलांकडे वळू. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळंतपणांत तीन-चार बाळं पायाळू, म्हणजे पाय किंवा बैठक आधी, अशी असतात. पोटात बाळ कसं फिरलं याचा आणि आकाशातल्या विजेचा काडीचाही संबंध नाही. विजेला माणसाची जन्मकथा कळत नाही. तिला उंच वस्तू कळते. मोकळ्या माळावर उभा असलेला मुलगा, एकटं झाड, पाण्यात उभी असलेली माणसं यांना खरा धोका. आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं विजेनं मरतात आणि त्यांतली बहुतेक खेड्यापाड्यांत, उघड्यावर असलेली असतात. म्हणजे या घरात धोका आहे तो माळावरच्या थोरल्याला!

सासूबाईंशी वाद घालू नका. “तुमचं चुकतंय” असं म्हटलं की माणूस हट्टाला पेटतं, हा तर आपला सगळ्यांचाच अनुभव. त्यापेक्षा असं म्हणून बघा, “आई, तुम्ही धाकट्याला जपता तसंच थोरल्यालाही जपू या. ढग आले की दोघं घरात आणि तुम्ही मध्ये बसून गोष्ट सांगा.” कडी काढून टाका. कोंडलेल्या मुलाच्या मनात जी भीती बसते ती पावसाबरोबर ओसरत नाही. सासूबाईंची माया तीच राहील, दोन्ही नातवांना वाटून मिळेल. गुरांचं काय, असं त्या विचारतील. गुरं आभाळ भरून यायच्या आधी आणावीत, वा पाऊस थांबल्यावर. घरातल्या पुरुषांनाही हे सांगावं, कारण ‘आपल्याला काही होत नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडी जास्त असतं.

विजेच्या वेळी पाळायच्या गोष्टी लिहून भिंतीला लावून ठेवा:

● गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावं. झाडाखाली कधीही थांबू नये.

● घरात असताना नळाखाली भांडी घासणं, आंघोळ करणं, खिडकीशी उभं राहणं टाळावं. तारेच्या उपकरणांना हात लावू नये.

● शेवटच्या गडगडाटानंतर निदान अर्धा तास बाहेर पडू नये.

● रानात अडकलात तर पाय जुळवून, गुडघ्यांत डोकं घालून उकिडवं बसावं. जमिनीवर आडवं होऊ नये. घोळक्यानं उभं राहू नये.

● वीज पडलेल्या माणसाला हात लावायला भिऊ नये, त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास किंवा नाडी थांबली असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करून १०८ ला फोन करावा.

● घरात मोबाइल असेल तर पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप घेऊन ठेवावं. आसपास वीज पडण्याची शक्यता ते आधी कळवतं.

साप चावला तर काय करावं, हेही याच कागदावर लिहा. चावलेला भाग हलवू नये, फळी बांधून स्थिर ठेवावा. चिरू नये, चोखू नये, दोरीनं करकचून आवळू नये. थेट सरकारी दवाखाना गाठावा. मण्यार रात्री झोपेत चावते आणि फारसं दुखतही नाही. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, तर वेळ न घालवता निघावं. सर्पदंशावरचं औषध कसं तयार होतं ठाऊक आहे? घोड्याला सापाचं विष अगदी थोडं-थोडं टोचतात. त्याचं रक्त हळूहळू विषाशी झुंजायला शिकतं आणि त्या रक्तातून औषध काढतात. आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेनं या कामात मोठं नाव मिळवलं.

मुलांच्या लसींचंही तत्त्व तेच. देवीचा रोग आठवा. घरात ‘देवी आल्या’ म्हणून ओटी भरत, कडुलिंबाचे डहाळे बांधत, आणि मुलं जात किंवा डोळे गमावत. दंडावर टोचून घेतलेल्या त्या लहानशा व्रणानं भारतातून देवी १९७५ साली गेली आणि १९८० साली जगातून तिचं उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. खरं कवच मिळालं ते असं, सुईचा टोचा सोसून. काळी तीट लावायची हौस असेल तर जरूर लावा, बाळ गोड दिसतं. पण लसीची तारीख चुकवू नका.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. मैत्रिणींनो, आजच्या घरातही एक व्यक्ती अशी आहे, की जिचा देह वज्राचा आहे असं सगळे धरून चालतात. ती म्हणजे आपण स्वतः! “बायकांची जात चिवट”, “आईला काही होत नाही”, “हिचं दुखणं रोजचंच” ही वाक्यं आपण ऐकतोच आणि पुष्कळदा आपणच अभिमानानं म्हणतोही. ताप अंगावर काढायचा, उरलंसुरलं खायचं, सगळ्यांची औषधं लक्षात ठेवायची आणि स्वतःची तपासणी ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून टाकायची.

आकडे काय सांगतात पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण शंभरात २५ होतं. आपल्या महाराष्ट्रात शंभरातल्या ५४ स्त्रिया. म्हणजे हे पान वाचणाऱ्या दोघींपैकी एकीला तरी जिना चढताना धाप लागते, डोकं गरगरतं, केस गळतात आणि ती म्हणते, “काही नाही गं, दगदग झाली.”

दुर्योधनानं मांडी झाकली तशी आपण ही जागा झाकतो. लाज हेही त्याचं एक कारण असतं. पाळीत अंगावरून जास्त जातं, छातीत गाठ लागते, लघवीच्या जागी जळजळ होते, हे नवऱ्यालाही सांगायचं नाही आणि डॉक्टरांनाही नाही. या महिन्यात एवढं कराच:

● रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईचं १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर ते कमी समजतात. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते.

● जेवणात हिरव्या पालेभाज्या, डाळी-उसळी, हळीव, बाजरी ठेवा आणि वर लिंबू पिळा. लिंबानं अन्नातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जातं. चहा तासाभरानं घ्या.

● डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर शौचाला काळं होतं म्हणून घाबरून त्या बंद करू नका.

● तिशी उलटली की वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर बघा.

● जबड्यात, पाठीत किंवा छातीत दुखणं, दरदरून घाम, मळमळ, कधी नव्हे तो थकवा, असं एकदम झालं तर ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा घेऊन पडून राहू नका. बायकांत हृदयविकाराची चाहूल अशीही लागते.

● ताट वाढताना स्वतःचंही सर्वांबरोबर वाढून घ्या.

घरच्यांनाही आपलं दुखणं स्पष्ट शब्दांत सांगावं. मुलांना कळू द्यावं, की आईलाही लागतं, आईही थकते. त्यांतलं एखादं पाण्याचा तांब्या घेऊन येईल, आणि उद्या त्याच्या घरी आलेल्या सुनेलाही त्याचा उपयोग होईल.

पायाळूसारख्या आणखी कोणत्या समजुती तुमच्या भागात आहेत? कुणाला काय ‘लागत नाही’ म्हणतात आणि कुणाला काय ‘चटकन लागतं’ म्हणतात, ते मला जरूर लिहून कळवा. मात्र पत्र टाकायला जाल तेव्हा वाटेतल्या दवाखान्यात रक्त तपासायला देऊन या.